पेवात सोडलेली पाच सेलची बॅटरी

माझं लग्न एका बॅटरीच्या परीक्षेत ठरलं. परीक्षेत बॅटरी पास झाली, मी नापास झालो, आणि तरीही पोरगी मलाच मिळाली.

बॅटरी म्हणजे काय, हे आजकाल सांगावं लागतं. शिकलेले लोक ज्याला टॉर्च म्हणत, त्याला सत्तरच्या दशकात आमच्या रिठदला बॅटरी म्हणत आणि तिच्या पोटात भरायच्या कांड्यांना सेल. गावात दोन सेलच्या बॅटऱ्या चार-पाच होत्या. एका मोठ्या घरी तीन सेलची होती, आणि तो घरधनी ती भर दुपारीसुद्धा काखेत धरून हिंडायचा. पाच सेलची मात्र पंचक्रोशीत कोणाकडे नव्हती. ती मी आणली! रिसोडच्या बाजारात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तूर विकली आणि त्याच पावली दुकानात शिरलो. हातभर लांब, चांदीसारखी चकचकीत, तोंड लोट्याएवढं! दुकानदार म्हणाला, "हिले काही खास लागत नाही. पानठेल्यावर भेटतेत ना, थेच साधे सेल. पन पाच भरा, अन् मंग पाहा!"

एसटीत मी ती मांडीवर आडवी घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "बाळाले भूक लागली काय?" (तिचं काही चुकलं नाही. मी बॅटरी माझ्याच उपरण्यात गुंडाळली होती आणि खड्डा आला की थोपटत होतो.)

घरी बाबांनी ती हातात घेतली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली.

"हे काय आनलं? मुसळ?"

"बॅटरी हाये बाबा. पाच सेलची."

"पाच कायले? दोनात दिसत नाही काय?"

"लांबचं दिसते."

"लांबचं पाहून काय करतं लेका? जवळचं दिसत नाही तुले!"

पण संध्याकाळी दिवेलागणीला मी ओट्यावर उभा राहिलो आणि बटण पुढं सरकवलं. काय सांगू! उजेड सरळ निघाला, गल्ली ओलांडून, शाळेच्या कौलांवरून, थेट गावाबाहेरच्या चिंचेवर जाऊन बसला. चिंचेवरचे बगळे नुकते डोळे मिटून बसले होते. सकाळ झाली समजून सगळे एकदम उठले! बाबा फक्त म्हणाले, "आन इकडं," आणि ते बगळे त्यांनी आणखी तीनदा उठवले.

तिसऱ्या दिवशी बाबांचं असं झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून, "आमच्या सुदामानं आनली, पाह्यली काय?" असं ते चारचौघांत सांगू लागले. आमच्या सुदामानं! त्याआधी बावीस वर्षं मी "सुदाम्या" होतो, आणि तेही बाबा खुशीत असले तर. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची वरची गुंडी लागेना. त्याच भरात मी घरात जाहीर करून टाकलं, "आजपासून या घरात कंदील लागनार नाही!" आणि कंदील उचलून गोठ्यातल्या खुंटीला नेऊन टांगला.

माय चुलीपुढून म्हणाली, "कंदिलानं तुहं काय घोडं मारलं रे?"

मी हसलो. मोठी माणसं हसतात तसा.

त्याच उन्हाळ्यात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. सुरू झाली म्हणजे, तिसऱ्यांदा सुरू झाली. आधीच्या दोन ठिकाणचे पाहुणे "कळवतो" म्हणून गेले होते आणि ते अजून कळवतच होते. तिसरं स्थळ जऊळक्याचं, पोरीचं नाव कौसल्या. तिला मी एका लग्नात पंगतीत बुंदी वाढताना पाहिली होती. एकदाच पाहिली, पण तेवढ्यात माझं काम झालं होतं. त्या दिवशी मी अकरा वेळा बुंदी मागितली, आणि अकराव्या वेळी ती म्हणाली, "पोट दुखन हो!" माझ्या पोटाची एवढी काळजी मायनंसुद्धा कधी केली नव्हती. तेव्हाच मनात पक्कं केलं, करीन तर हिच्याशीच. आता हे स्थळही "कळवतो" म्हणून गेलं, तर मी काय करणार होतो देव जाणे!

आमच्याकडची रीत अशी, की पोरगी दाखवायच्या आधी पोरीकडचे लोक घर पाहायला येतात. वावर पाहतात, बैल पाहतात, विहिरीत खडा टाकून पाणी पाहतात. पण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. माणसं रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन जगली होती. त्यामुळे त्या वर्षांत पाहुणे बैलाकडं बघायच्या आधी पेव विचारायचे. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. वरून तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत मात्र खोलीसारखं ऐसपैस, तीन पुरुष खोल. ज्वारी भरली की तोंडावर फरशी आणि फरशीवर मातीचा लेप. ज्याच्या पेवात ज्वारी, त्याच्या घरी पोरगी. आणि आमचं पेव त्या साली अर्ध्याच्या वर भरलेलं होतं!

कौसल्येचे वडील ती लहान असतानाच गेलेले. म्हणून तिची आई गोदाबाई आणि मामा आत्माराम, असे दोघं सकाळच्या गाडीनं आले. बाबांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तू बोलू नको. नुसता बस." मी बसलो. पण शेजारी सतरंजीवर बॅटरी ठेवून बसलो. दोन नवरदेव बसल्यासारखे दिसत होतो, आणि त्यातला उजवा कोण हे सांगायची गरज नव्हती.

गोदाबाई कमी बोलणारी बाई. सकाळपासून तिच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं, "चहात साखर कमी चालन." मामा मात्र चहा संपायच्या आत माझ्याजवळ सरकला.

"बॅटरी काय जी?"

"हो मामा."

"किती सेल?"

"पाच!"

मामानं एक सुस्कारा सोडला, कोटाच्या खिशात हात घातला आणि स्वतःची दोन सेलची बॅटरी काढून सतरंजीवर ठेवली. माझ्या बॅटरीपुढं ती उंदरासारखी दिसत होती. "दहा वर्स झाले हिले," तो म्हणाला. "आमच्या गावात कोनी बॅटरी घ्याची म्हनलं, का आधी मले दाखवतेत. आना इकडं!"

आणि परीक्षा सुरू झाली. माझी नव्हे, तिची. मामानं तिला तळहातावर तोललं. बटण वीस वेळा पुढं-मागं केलं. काच धोतरानं पुसली. मग मागचं झाकण फिरवून पाचही सेल सतरंजीवर ओळीनं मांडले, एकेक नाकाशी नेला, आणि एकाला तर जीभ लावली!

"साधेच सेल हायेत हे तं!"

"साधेच, मामा! थीच तं गंमत हाये. साध्या सेलावर चिंचेपर्यंत जाते!"

मामानं सेल परत भरले. बटण सरकवलं. अंधार! बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की सुदामाचा मी जागच्या जागी सुदाम्या झालो.

"माल ढिला हाये," मामा मान हलवत म्हणाला.

"मामा, एक सेल उलटा बसला."

"उलटा मुद्दाम बसवला," मामा शांतपणे म्हणाला. "तुमच्या ध्यानात येते का नाही, पाहून राह्यलो होतो."

सेल सरळ केला. बटण दाबलं. मामानं काचेत पाहिलं, भिंतीवर पाहिलं, परत काचेत पाहिलं.

"उजेड दिसून नाही राह्यला."

"दुपार हाये मामा!"

"दुपार हाये थे मलेबी दिसते. पन पारख कशी करू? अंधार दाखवा."

आता चैत्रातल्या भर दुपारी रिठदला अंधार आणायचा कुठून? आम्ही माजघरात गेलो. तिथं कौलांच्या फटींतून चौदा ठिकाणी ऊन आलेलं. (बाबांच्या डोळ्यांत मला वाचता आलं, की ही कौलं पाहुण्यांना दाखवायची नव्हती.) मग ज्वारीच्या कणगीमागं गेलो. तिथं दोघं मावेनात, मामाचं पोट बाहेर राहिलं. शेवटी मामाच म्हणाला, "गोधडी हाये काय?"

मायनं दोन जाडजूड गोधड्या आणून दिल्या. मी आणि माझा होणारा मामेसासरा ओसरीत उकिडवे बसलो, आणि वरून मायनं दोन्ही गोधड्या टाकल्या. समोर गोदाबाई चहाची कपबशी हातात घेऊन, लेकीला द्यायचं ते घर पाहत होती. तिला दिसत होते दोन ढिगारे आणि त्यांतून येणारे आवाज.

"बटन कुठी हाये?"

"थे माहं बोट हाये, मामा!"

"लावतो हं. एक, दोन..."

"मामा, तुमी काचेत पाहू नका, काचेत..."

"अरे बाप्पा बाप्पा बाप्पा!"

मामा गोधडीसकट उठला, दोन पावलं चालला आणि ओसरीच्या खांबावर जाऊन आदळला. गोधडी बाजूला करून पाहतो तर त्याच्या तोंडावर घाम आणि आनंद!

"एक नंबर! ताई, एक नंबर बॅटरी हाये! मले अजून काहीच दिसून नाही राह्यलं!"

गोदाबाईनं कपबशी खाली ठेवली. एवढंच.

डोळ्यांपुढचे ठिपके गेल्यावर मामाला परत शंका आली. "पन जवळून कोनतीबी चमकते. अंधारात लांब किती जाते, थे पाहाले पाह्यजे."

बाबांची कळी खुलली. "चला मंग, पेव उघडतो. जवारीबी पाहा, अन् बॅटरीबी!"

घरामागच्या उंचवट्यावर आमचं पेव. बाबांनी लेप फोडला, आम्ही दोघांनी फरशी सरकवली. पाहुणे आले आणि पेवही उघडतंय म्हटल्यावर गल्ली थोडीच घरात बसते! बघता बघता पंधरा-वीस माणसं भोवती जमली. मामानं ओणवं होऊन आत पाहिलं आणि वर पाहत म्हणाला, "दिसते तं जवारी. पन वरून. आमच्या तिकडं एकानं खाली भुसा भरला होता, अन् वरून चार पोते जवारी पसरली होती."

बाबांचे कान लाल झाले. भुसा! आणि आमच्या पेवात! "सुदाम, उतर! हात खांद्यापावेतो खुपस, अन् खालची मूठ आनून दे पाव्हन्याच्या हातात!"

मी दोर आणला. तेवढ्यात बाबांना आठवण झाली. "थांब. आधी दिवा सोड. कंदील आन."

ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. बंद पेव उघडलं, की माणूस उतरायच्या आधी दोराला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. विझला तर फरशी उघडी टाकून घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत सोडून पाहायचा. माझा आजा असंच करायचा, बाबाही असंच करायचे. कशासाठी, ते आजानं बाबांना सांगितलं असेल-नसेल, बाबांनी मला सांगितलं नव्हतं. दिवा राहिला म्हणजे पेव हो म्हणते, विझला म्हणजे नाही म्हणते, इतकंच ज्ञान मला होतं.

"बाबा, कंदील कायले?" मी म्हणालो. एवढी माणसं, त्यात कौसल्येचा मामा, आणि माझ्या हातात पाच सेल! "हे हाये ना!"

बाबा क्षणभर घुटमळले. बॅटरीकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं. मग म्हणाले, "बराबर हाये. कंदिलाच्या पाचपट हाये थे. सोड!"

मी बॅटरीच्या गळ्याला दोर बांधला, बटण लावलं आणि तिला हळूहळू आत सोडली. सगळे ओणवे झाले. आतल्या काळोखात उजेडाचा असा लोळ फिरला, की पेवाच्या भिंतींवरच्या कुदळीच्या खुणासुद्धा दिसल्या.

"इझली काय?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"नाही!"

"आता?"

"नाही इझली!"

"अजून खाली सोड!"

सोडली. ज्वारीला टेकली. तरी जळतेच आहे! मामा उभा राहिला आणि जमलेल्या गल्लीला उद्देशून म्हणाला, "माही दोन सेलची असती तं कवाच इझली असती. ह्याले म्हंतेत पाच सेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! बाबांनी मिशीवरून हात फिरवला. खरं सांगतो, आयुष्यात मला पुढं पोरं झाली, नातवंडं झाली, पण तसा अभिमान पुन्हा वाटला नाही. मी बॅटरी वर ओढून घेतली, दुसरा दोर कमरेला बांधला, बॅटरी हातात घेतली, आणि पेवाच्या काठावर बसून दोन्ही पाय आत सोडले.

"थांबा."

गोदाबाई होती. ती कधी येऊन उभी राहिली, कोणाला कळलंच नव्हतं.

मी थांबलो.

"थे बॅटरी फुकून दाखवा," ती म्हणाली.

"फुकून?"

"व्हय. फुका."

मला वाटलं जऊळक्याची काही रीत असेल. पाहुण्यांची रीत मोडायची नाही, एवढं वळण मायनं लावलेलं. मी बॅटरी तोंडापुढं धरली आणि वीस माणसांसमोर फुंकर मारली. फू!

बॅटरी चालूच.

"जोरानं."

फूऽऽ! डोळ्यांत पाणी आलं. मागून बाबा म्हणाले, "अरे पोटातून फुक!" मामानं मदतीला गाल फुगवून बाजूनं एक फुंकर घातली. बॅटरी ढिम्म!

"इझत नाही ना?" गोदाबाई म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "फुकानं जे इझत नाही, थे पेवातल्या वाफेनं कसं इझन? बंद पेवात वाफ धरते. कंदिलाले जगाले हवा लागते, मानसाले लागते. बॅटरीले लागत नाही. तुमी खाली मरून पडले असते, तरी थे तुमच्या बाजूले जळतच राह्यली असती."

मी पाय वर घेतले. (घेण्याआधी बॅटरीला आणखी एक फुंकर मारली. का, ते विचारू नका. खात्री करावी वाटली.)

"कंदील आन," बाबा म्हणाले. पण मी उठायच्या आधी माय धावत गोठ्यात गेली होती. काचेवर जाळी, तळाशी बोटभर तेल. तिनं पदरानं काच पुसली, कंदील पेटवला, बाबांनी स्वतः दोर धरला आणि तो पेवात सोडला. दोन हात खाली गेला आणि ज्योत आधी निळी झाली, मग बारीक झाली, मग गेली. वर घेतला, परत पेटवला, परत सोडला. तिथंच गेला. तिसऱ्यांदाही तिथंच.

माय मटकन खाली बसली. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "माह्या बापानं जनमभर कंदील सोडला. अन् आज म्याच पोराले..." बाबांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"आमच्या गल्लीत एक जन असाच उतरला होता," गोदाबाई म्हणाली. "त्याले काढाले दुसरा उतरला. दोघंबी भले मानसं होते."

आता कुठं माझे हातपाय कापायला लागले. मेंदूला जे उशिरा कळतं ते गुडघ्यांना लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे, पण त्या दिवशी दोघांनाही उशिराच कळलं. हातातली बॅटरी निसटली, काठावर एकदा टणकन आपटली आणि गेली पेवात! बद्द!

सगळ्यांनी डोकावलं. बॅटरी ज्वारीवर आडवी पडली होती आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडात सगळं पेव लख्ख दिसत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोत्यासारखी ज्वारी!

मामानं बराच वेळ पाहिलं. "जवारी तं भरपूर हाये," तो हळूच म्हणाला. मग आणखी हळू, "अन् पडूनबी चालू हाये!"

आता उतरायचा प्रश्नच नव्हता. पेवातली वाफ निघून जाईपर्यंत तोंड उघडं टाकायचं आणि वाट पाहायची. चारच्या गाडीची वेळ झाली. गोदाबाईनं पिशवी उचलली. पण मामा पेवाजवळ मांडी घालून बसला होता.

"चाल न रे आत्माराम, गाडी जाईन."

"ताई, इझते कवा थे पाहून जाऊ! अशी पारख पुन्हा जनमात होनार नाही!"

असे पाहुणे मुक्कामाला राहिले. दिवेलागणीला तर मौजच झाली. अंधार पडत गेला तसा पेवाच्या तोंडातून उजेड वर येऊ लागला आणि वरच्या कडुलिंबाची पानं खालून उजळली. आख्खं रिठद पाहायला लोटलं! मायनं तीनदा चहा केला. मामा मनगटावरचं घड्याळ पाहून दर तासाला पुकारा करत होता, "पाच तास! साध्या सेलावर!" तीन सेलवाला घरधनीही येऊन गेला. आत डोकावला आणि निघाला, तेव्हा त्याची बॅटरी उपरण्याखाली होती. मी खुश व्हायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष ओसरीत मायशी बोलत बसलेल्या गोदाबाईकडं. पोरगी देणार की नाही? स्वतःच्या हातानं मरायला निघालेल्या माणसाला कोण पोरगी देईल? मीच माझी बहीण अशाला दिली नसती.

सकाळी मामा तिथंच गोधडीवर होता. "अजून जीव हाये तिच्यात," त्यानं मला सांगितलं. पाहिलं, तर खरंच! काजव्याएवढी लाल, पण होती!

दुपारी बाबांनी कंदील सोडला. खालपर्यंत गेला आणि जळत राहिला. बाबांनी तो तसाच अर्धी घटका ठेवला. मग गोदाबाईकडं पाहिलं. तिनं मान डोलावली, तेव्हा मी उतरलो. खांद्यापर्यंत हात खुपसून खालची मूठ काढली, बॅटरी काखेत मारली आणि वर आलो. मूठ गोदाबाईच्या हातावर रिकामी केली. भुशाची एक काडीसुद्धा नव्हती. तिनं दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाली, "कळवतो."

झालं! तिसरं "कळवतो"! आम्ही त्यांना फाट्यावर सोडायला निघालो. आपटून पोचा आलेली बॅटरीची कड मी उपरण्यानं उगाच पुसत होतो. गाडी आली. गोदाबाईनं पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळली.

"कळवतो कायले, आताच सांगते," ती बाबांना म्हणाली. "बॅटरी मले समजत नाही. पोरगा उतावळा हाये, थे दिसलं. पन थांबा म्हनलं, तं थांबला. काहून म्हनून तोंड नाही वाजवलं. फुका म्हनलं, तं एवढ्या मानसात फुकली. बायकोचं ऐकाले एवढंच लागते. माही कौसल्या तुमची झाली!"

बाबा रडले, माय रडली, मामा खिडकीतून ओरडला, "नवरदेव, सेल बदला लगीच!" आणि मी? मी एसटीच्या मागं धावत गेलो, कशासाठी ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या काळी लग्नात जावयांना घड्याळ मिळे, सायकल मिळे, नशीबवान असेल त्याला रेडिओ मिळे. मला माझ्या सासूनं भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, नवा कोरा कंदील दिला. वर म्हणाली, "पोरगी अन् कंदील, दोघायलेबी सांभाळा." वऱ्हाड दहा मिनिटं हसत होतं. मी खुशाल हसू दिलं. पेव उघडताना मग तोच कंदील आत जायचा, आणि शेवटचं पेव बुजवलं तोपर्यंत आमच्या घरात उतरण्याआधी दिवा सोडायचं काम कौसल्येचं होतं. माझ्या हातात कोणी दोर देत नसे.

ती बॅटरी अजून माझ्याकडं आहे. कडेला पोचा आहे, पण साधे सेल भरले की आजही चिंचेपर्यंत जाते. (चिंच नाही राहिली, पण जिथं होती तिथपर्यंत जाते.) परवा नातीनं शहरातून चार्जिंगची नवी बॅटरी आणली. बोटभर, आणि उजेड म्हणे माझ्या बॅटरीपेक्षा दुप्पट! "आबा, तुम्ही पारखून सांगा," ती म्हणाली. मी खुर्चीत नीट बसलो, चष्मा लावला, तळहातावर तोलली, बटण दाबलं, तोंडापुढं धरली आणि फुंकर मारली.

नात बघतच राहिली. आतून कौसल्येनं विचारलं, "इझली काय हो?"

उत्तर द्यायच्या आधी मी आणखी एकदा फुंकून पाहिली.